उमाचं कपाळ

तासगाव डेपोत कंडक्टरकी करता करता माझे केस पांढरे झाले. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी पक्की धरून ठेवली होती. माणसाचं तोंड काय वाट्टेल ते बोलू दे, आपण त्याच्या डोळ्यांकडं बघायचं. "पोरगं साडेचारचंच हाय ओ बाई," असं म्हणून जी खिडकीबाहेर बघायला लागते, तिचं पोरगं सात वर्षांचं असतं, आणि मी त्याचं अर्धं तिकीट काढतेच. मग भांडण होतं. होऊ दे. मला भांडायचा कंटाळा नाही.

सांगायचं एवढंच, की नजर चुकवणारा माणूस लबाड, हे माझ्या डोक्यात खिळा मारल्यासारखं बसलं होतं. तो खिळा उपटला समोरच्या घरातल्या ज्ञानदानं. पण मला बोलायचं आहे तिच्या आईबद्दल. उमाबद्दल. कारण आमच्या गल्लीत तिच्याबद्दल लय जण लय काय काय बोलतात, आणि त्यातल्या निम्म्यांना काडीची माहिती नाही.

उमा कराडची. लग्न होऊन इथं आली तेव्हा वाऱ्यानं उडेल अशी होती. नवरा मानसिंग टेम्पो चालवायचा, हंगामात द्राक्षं आणि पुढं बेदाणा. घरात सासरे नानासो, धाकटा दीर आणि त्याची बायको अंकिता. उमाचं बोलणं म्हणजे दोन शब्द, तेही पदर तोंडाला लावून. पण कुंकू बघाल तर एवढं मोठं! टिकलीच्या डिंकानं तिच्या कपाळाला पुरळ यायचं, म्हणून ती आजीच्या पद्धतीनं आधी मेणाचं बोट फिरवायची आणि त्यावर कुंकू दाबायची. अगदी गोल गरगरीत. मी चिडवायची, "उमे, तुझं कुंकू नाक्यावरनं दिसतंय बघ, आमच्या ड्रायव्हरला ब्रेक मारायला बरं." ती लाजायची आणि कुंकू आणखीच लाल दिसायचं.

माझ्या स्वतःच्या कपाळाला कुंकू नसतं. आम्ही बौद्ध. माझ्या आईनं लावलं नाही, मीही लावलं नाही. हे उगीच सांगत नाही, पुढं लागणार आहे.

ज्ञानदा झाली आणि उमाच्या चेहऱ्यावर तेज आलं. पण पोर वर्षाची झाली, दोनाची झाली, आणि आईकडं बघेना. हाक मारली तर पंख्याकडं बघायची. कडेवर घेतलं तर तुमच्या कानाच्या पलीकडं कुठंतरी बघायची. उचलून तोंडासमोर धरलं तर डोळे मिटून घ्यायची. कुणी म्हणालं मोबाईलनं झालं, कुणी म्हणालं आई बेदाणा निवडायला शेडवर जाते म्हणून झालं. काही झालं की आईच्या डोक्यावर खापर फोडायला सगळे तयारच! नानासो म्हणायचे, "आमच्या घराण्यात असलं कोन न्हाई." जसं काही उमानं माहेराहून बांधून आणलं होतं.

कुणीतरी उमाला सांगितलं, पोराला आवडती वस्तू आपल्या दोन डोळ्यांच्या मधे धर, आपोआप तोंडाकडं बघतंय. झालं. उमा शेडवरनं चांगले लांबट हिरवे बेदाणे आणायची, एक एक भुवयांच्या मधे धरायची आणि म्हणायची, "ज्ञानू, माझ्याकडं बघ. आईकडं बघ." पोर बेदाण्याकडं बघायची, बेदाणा काढून घ्यायची, खायची आणि निघून जायची. पुढं पुढं तर उमानं नुसतं बोट वर नेलं तरी ती बोटाकडं बघायची. महिनाभर हा खेळ चालला. एक दिवस उमा माझ्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, पोरीला आई पायजे का बेदाणा, तेच कळंना." मी हसले. ती हसली नाही.

मग मीच तिला सांगलीला घेऊन गेले. तिथं अशा मुलांना बघणाऱ्या एक मॅडम आहेत. चांगली बाई, घाई नाही, आवाज चढवणं नाही. त्यांनी सांगितलं, ऑटिझम आहे. आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की बेदाण्याचा खेळ बंद करा. "तिला जबरदस्तीनं डोळ्यांत बघायला लावू नका," त्या म्हणाल्या. "चेहरा सतत हलत असतो. त्यात डोळे सगळ्यात जास्त. आपल्याला ते सोपं जातं, तिला तो गोंगाट वाटतो. ती तिला झेपेल तिथं बघेल. कुणी ओठांकडं बघतं, कुणी कानाकडं, कुणी कशाकडं."

मला ते पटलं. दिवाळीच्या सुट्टीत सांगली स्टँडवर माणसांचा लोंढा अंगावर येतो तेव्हा मी पण माणसांकडं बघत नाही, गाडीच्या पाटीकडं बघते. नाहीतर डोकं फिरेल.

घरी आल्यावर उमा हळूच म्हणाली, "आक्का, पर ती माझ्याकडं बघती. सकाळी. रोज."

आणि ते खरं होतं. मी डोळ्यांनी बघितलं आहे. सकाळी आंघोळ करून उमा जमिनीवर बसायची, ट्रंकेला हातआरसा टेकवायची आणि कुंकू लावायची. त्या वेळी ज्ञानदा कुठंही असो, येऊन समोर मांडी घालून बसायची आणि आईच्या तोंडाकडं टक लावून बघायची. मेण, मग कुंकू, मग नाकावर सांडलेलं पदराच्या टोकानं टिपणं. सगळं होईस्तोवर पापणी हलायची नाही. कुंकू झालं की हाताला धरून आईला उठवायची आणि तिच्या हातनं दूधभाकरी खायची. दिवसभर मग कुणाकडं ढुंकून बघायची नाही. उमा त्या सकाळवर दिवस काढायची. म्हणायची, "माझी पोर जगात एकाच मानसाकडं बघती." एवढं म्हणताना ऊर भरून यायचा तिचा.

मानसिंग गेला तेव्हा ज्ञानदा सहाची होती. कवठे महांकाळच्या पुढं टेम्पो उलटला. मी त्याबद्दल जास्त सांगत नाही, मला अजून सांगवत नाही. हसरा पोरगा होता, गल्लीत शिरला की आधी हॉर्न वाजवायचा आणि मग दिसायचा.

दहाव्याच्या दिवशी उमानं ज्ञानदाला माझ्याकडं ठेवलं. सकाळी पोर आली तेव्हा उमाच्या कपाळाला कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. दुपारी मी पोरीला परत घेऊन गेले तेव्हा काहीच नव्हतं. भावकीतल्या बायकांनी पुसलं होतं, फोडलं होतं, काढलं होतं. कपाळावर जिथं इतकी वर्षं मेण होतं तिथं चामडीचा एक गोल फिकट राहिला होता. मला इतका संताप आला, की त्या बायकांना भर रस्त्यात गाडीतून उतरवून द्यावं. पण गाडी माझी होती, घर माझं नव्हतं.

ज्ञानदा दारात थांबली. वर बघितलं, आईच्या कपाळाकडं. खाली बघितलं, हातांकडं. उमानं हात पसरले. पोर मागं वळली आणि गल्लीत निघून गेली.

त्या दिवसापासून तिनं आईकडं बघितलं नाही. सकाळी तेवढी आपल्या जागेवर येऊन बसायची. ट्रंकेसमोर, मांडी घालून. हातआरसा कुणीतरी उचलून ठेवला होता. ती रिकाम्या ट्रंकेसमोर बसून राहायची. ऊन आत यायचं. मग तिला कळायचं की आज पण काही होणार नाही, आणि ती भिंतीवर डोकं आपटायला लागायची. उमा धावायची, मधे हात घालायची, आणि पोर तिच्या हाताला चावायची. तिच्या हातनं खायचं तर नावच नको.

आता ऐका लोकांनी काय अर्थ काढला. एक म्हातारी म्हणाली, "लेकराला बी कळतंय बाई. पांढऱ्या कपाळाचं तोंड सकाळी सकाळी कोन बघंल?" दुसरी म्हणाली, बापाला खाल्लं म्हणून पोरीचा आईवर राग. जीभ झडत कशी नाही ह्या लोकांची! आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे उमाला पटलं. जी बाई बेदाण्यानं हरली नाही ती ह्यानं हरली. एक दिवस मी तिला भाकरी द्यायला गेले तर ती भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"अशी का बसलीस?"

"पोरगी घरात हाय," ती म्हणाली. "तिला माझं तोंड दिसाय नगं."

मी तिथं रडले. सांगायला लाज वाटत नाही.

पोरीच्या कपाळाला जखम झाली, ती भरायच्या आत पुन्हा झाली. नानासो घाबरले. नानासो वाईट माणूस नाही. नातीला खांद्यावर घेऊन रानात फिरवणारा आजोबा. पण मुलगा गेल्यावर म्हातारा खचला होता, आणि खचलेला माणूस लवकर निकाल लावून मोकळा होतो. त्यांनी ठरवलं, पोरीला साताऱ्याच्या निवासी शाळेत ठेवायचं आणि उमानं कराडला माहेरी जायचं. मला म्हणाले, "कंडक्टर बाई, आईला वळखत न्हाई पोरगी. रगात काढून घेतीया सोताचं. माझ्या मागं कोन बघायचं? तितं शिकीवत्यात, सांभाळत्यात."

मी उमाला विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार? मला बघून तिला तरास हुतोय. मी न्हाई तितं तरी सुखानं ऱ्हाईल."

जाण्याआधी एकदा सांगलीच्या मॅडमना दाखवून येऊ, असं मीच म्हटलं. गुरुवारी त्या दोघी माझ्याच गाडीला आल्या. उमा खिडकीशी, पोर तिच्या शेजारी पण पाठ करून. कवलापूरला एक म्हातारी चढली. नऊवारी नेसलेली, हातात वांग्यांची पिशवी, आणि कपाळावर हे एवढं मेणावरचं कुंकू. ती समोरच्या सीटवर बसली, आमच्याकडं तोंड करून. आणि ज्ञानदा उठली. दांड्याला धरून उभी राहिली आणि त्या म्हातारीच्या कपाळाकडं बघत राहिली. अगदी तसंच, पापणी न हलवता. म्हातारी हसली, "काय गं बाळ, काय बगतीस?" पोर दोन पावलं पुढं गेली, म्हातारीचा हात धरला, ओढला, मग सोडून दिला. तरी बघतच होती. माधवनगरला म्हातारी उतरली तेव्हा ज्ञानदानं अशी किंकाळी फोडली, की ड्रायव्हरनं गाडी बंद केली.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी तिकिटाची मशीन गळ्यात तशीच ठेवून उमाजवळ गेले आणि म्हणाले, "उमे, राग नाही गं तिचा. तिला तुझं कुंकू दिसत नाही म्हणून ती..."

उमा पांढरी फटक पडली होती. तिला माझ्या आधी कळलं होतं.

परतीच्या फेरीला अवकाश होता, म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेले. मॅडमनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. म्हणाल्या, असं होऊ शकतं. सगळा चेहरा हलतो, कुंकू हलत नाही. पोरीनं तीच खूण धरली असेल. त्यात बांगड्यांचा आवाज, साडीचा रंग, सगळं एकाच दिवशी गेलं. "ती तुम्हाला ओळखते," मॅडम म्हणाल्या. "आवाजानं, हातानं ओळखते. पण तिच्या ओळखीचा चेहरा तिला सापडत नाही."

परतताना गाडीत मी खुशीत होते. मला वाटलं, सुटला प्रश्न! म्हणाले, "घरी गेल्यावर लाव कुंकू. कोण काय करतंय बघू. मी उभी राहते दारात."

"न्हाई," उमा म्हणाली.

"लोकांना घाबरतेस?"

"घाबरते की. पर ते न्हवं." ती बाहेर बघत होती. "आक्का, इतकी वर्सं मला वाटायचं ती माझ्याकडं बघती. जगात एका मानसाकडं बघती आनि ती मी हाय. आनि ती बघत हुती कुंकवाकडं. त्या म्हातारीकडं बी तसंच बघितलं का न्हाई? मग मी कशाला पायजे? भिंतीला लावा कुंकू, भिंतीकडं बघंल."

मी उठले आणि पुढं तिकिटं काढायला गेले. सगळ्या डेपोत जिच्या तोंडाला कुणी लागत नाही, ती मी. नवरा गेला तेव्हा उमाला पोर होती. आता तिला वाटत होतं की पोर कधी नव्हतीच.

साताऱ्याला न्यायचा दिवस आला. माझी सुट्टी होती, म्हणून स्टँडपर्यंत पोचवायला म्हणून मी त्यांच्या घरी गेले. नानासो ओसरीवर पिशवी घेऊन तयार. आत ज्ञानदा नवा फ्रॉक घालून ट्रंकेसमोर बसलेली, रोजच्यासारखी. वाट बघत. मला राहवलं नाही. "उमे, जायच्या आधी एकदाच लाव. एकदाच बघू दे पोरीला. मग पूस हवं तर."

उमा ताडकन उठली. इतकी वर्षं मी त्या बाईचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "कुंकूच बघायचंय न्हवं तिला? बघू दे की!" तिनं लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या खाली दडवलेला करंडा काढला, बोटावर मेण घेतलं आणि कपाटाच्या दारावरच्या उभ्या आरशावर, पोरीच्या उंचीला, जोरात दाबलं. त्यावर कुंकू दाबलं. लाल गोल. "घे. बघ. आईची काय गरज न्हाई." आणि खाली बसून ती हमसून हमसून रडायला लागली.

ज्ञानदा उठली. आरशाजवळ गेली, नाक टेकेल इतकी. कुंकवाकडं बघितलं. मला वाटलं, झालं, उमाचंच खरं. पण पोर तिथं थांबली नाही. ती मागं वळली, रडणाऱ्या आईचं मनगट धरलं आणि ओढायला लागली. तिला पाणी हवं असलं की ती असंच माठापर्यंत ओढत न्यायची. उमा ओढली गेली तशी सरकत गेली. पोरीनं तिला आरशासमोर बसवलं. स्वतः शेजारी उभी राहिली, आरशात बघितलं. आवडलं नाही. आईचा खांदा ढकलला. परत शेजारी जाऊन बघितलं. मग दोन्ही तळहातांनी आईचं डोकं धरलं आणि थोडं डावीकडं केलं, थोडं वर केलं. एखादी कुंडी जागेवर बसवावी तसं.

"काय करतीया ही?" उमा रडता रडता म्हणाली.

मलाही कळेना. मी दारात उभी. मला ते कुंकू आरशातल्या खुंटीवर दिसत होतं, मानसिंगच्या शर्टावर. मग मी पोरीच्या मागं जाऊन गुडघे टेकले. तिच्या डोक्याला डोकं लावलं आणि ती बघत होती तिथून बघितलं.

आरशावरचं कुंकू उमाच्या कपाळावर होतं. बरोबर त्या फिकट गोलावर.

"उमे, हलू नकोस," मी म्हणाले. "तुला आरशात काय दिसतंय?"

"कुंकू दिसतंय." ती थांबली. "आक्का, हिच्या कपाळाला दिसतंय. ज्ञानूच्या."

"आणि तिला तुझ्या दिसतंय. कुंकू तर मघाशीच मिळालं होतं तिला, त्याच्यावर भागलं का? तुला ओढत नेलं आणि आरशासमोर बसवलं तिनं."

उमानं आरशात बघितलं. पोर टक लावून बघत होती, पापणी न हलवता, आईच्या कपाळाकडं. मग तिची नजर खाली उतरली. क्षणभरच. मला मागून काय दिसणार, पण उमाचा श्वास अडकला तो मी ऐकला. "बघितलं," ती म्हणाली. "आक्का, माझ्या डोळ्यात बघितलं." तोवर नजर परत वर गेली होती.

नानासो दारात आले. "गाडी चुकल. काय चाललंय?"

"नाना, इकडं या," मी म्हणाले. "खाली बसा. तिच्या उंचीला या."

गुडघे दुखणारा म्हातारा, पण बसला. नातीच्या डोक्याजवळ डोकं नेलं. बराच वेळ बघितलं. मग कपाटाला धरून उठला, हातातली पिशवी मानसिंगच्या शर्टावर, खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "आरशावर कशाला? हाय की जागा." आणि बाहेर जाऊन ओसरीवर बसला. गाडीचं नाव काढलं नाही.

उमानं माझ्यादेखत मेण घेतलं आणि कपाळाला कुंकू लावलं. ज्ञानदा समोर येऊन मांडी घालून बसली. सगळं होईस्तोवर बघितलं आणि मग आईला हाताला धरून उठवलं. त्या दिवशी तिनं दोन वाट्या दूधभाकरी खाल्ली.

आता तुम्हाला वाटेल, गोड झालं. पोर घरी राहिली हे गोड झालं, बाकीचं मला विचारा. शेडवर उमाच्या शेजारी बसणाऱ्या बायका सरकून बसायला लागल्या. संक्रांतीला गल्लीतल्या एकाही घरातनं तिला बोलावणं आलं नाही. विधवांना बोलवत नाहीत, आणि हिला तर कुठल्या रांगेत धरायचं हेच कुणाला कळेना. अंकिता लग्नकार्याला निघाली की मागच्या दारानं निघते, म्हणजे उमा समोर नको. नानासो घरात एवढं एक वाक्य बोलले, पण बाहेर तिच्या बाजूनं एक शब्द बोलत नाहीत. मी भांडते. पण मी भांडले की लोक म्हणतात, तुम्हाला काय कळतंय आमच्यातलं? आणि संध्याकाळी मी ड्यूटीवरनं येते तेव्हा उमा पायरीवर एकटी बसलेली असते. पूर्वी त्या पायरीवर चार बायका असायच्या.

एकदा मी विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "लय वाटतंय. रोज मेण लावताना मानसिंगची आठवण येती आनि रडू येतंय. पर मग नाकावर सांडतंय, आनि ज्ञानू बघत असती. मग पुसावं लागतंय."

दर गुरुवारी त्या दोघी सांगलीला माझ्या गाडीनं येतात. शेजारी कुणीतरी अनोळखी बाई बसते. बायकांचं बोलणं कसं असतं, तिसऱ्या वाक्याला विचारतातच, "मालक काय करत्यात?"

"वारले," उमा म्हणते. तिला खोटं बोलता येत नाही.

ती बाई उमाच्या कपाळाकडं बघते, ते कुंकू बघते, आणि एकदम खिडकीबाहेर बघायला लागते. पुढच्या सीटवरचीनं ऐकलेलं असतं, तीही तोंड फिरवते. कवलापूर जातं, बुधगाव जातं, माधवनगर येतं, आणि सगळ्या गाडीत उमाच्या तोंडाकडं कुणी बघत नाही. ज्ञानदा समोरच्या दांड्याला धरून, आईकडं तोंड करून उभी असते. सांगली येईपर्यंत ती एकटी बघत असते.